घरगुती खाद्यपदार्थ ऑनलाइन विकताय? मग विम्याचं काय?

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अनेक जणींनी घरून छोटा व्यवसाय सुरू केला आहे. कुणी डिंकाचे लाडू कुरिअरने पाठवतं, कुणी इन्स्टाग्रामवर मेतकूट आणि चटण्या विकतं, कुणी बाळंतिणींसाठी अळिवाचे लाडू करून देतं. बीपी तपासून झालं की हळूच प्रश्न येतो, "डॉक्टर, आमचं खाऊन कुणाला काही झालं तर? विमा काढून ठेवावा का?"

प्रश्न विम्याचा असला तरी डॉक्टरला विचारणं अगदीच चुकीचं नाही. एक तर 'काही झालं' म्हणजे नेमकं काय होतं, ते आमच्यासमोरच येतं. दुसरं म्हणजे असा विमा आम्ही डॉक्टर स्वतः बाळगतो. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. आज इन्डेम्निटी पॉलिसी ही आमच्याकडे स्टेथोस्कोपइतकीच नेहमीची वस्तू आहे. मीही दरवर्षी तिचा हप्ता भरतो. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

काय होऊ शकतं?

सर्वांत गंभीर धोका म्हणजे अॅलर्जी. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट कशात नसतं? आपल्याला ते गृहीतच असतं. माझ्या ओळखीच्या एका ताईंच्या लसणाच्या चटणीत खोबऱ्याबरोबर थोडं कूट असायचं. पाकिटावर ते लिहिलेलं नव्हतं. परराज्यातल्या एका ग्राहकाने ती खोबऱ्याची चटणी समजून मुलाला दिली. मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या, रात्रभर रुग्णालयात ठेवावं लागलं. मूल बरं झालं. ताईंनी बिल दिलं, पण पुढचे कित्येक महिने फोन वाजला की त्यांच्या पोटात गोळा यायचा.

तीव्र अॅलर्जीत, म्हणजे अॅनाफायलॅक्सिसमध्ये, काही मिनिटांत श्वास अडकू शकतो आणि रक्तदाब कोसळू शकतो. तिथे मांडीच्या स्नायूत वेळेवर दिलेलं अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं.

दुसरा धोका खव्याच्या पदार्थांचा. हातावरच्या जखमेतून किंवा नाकातून स्टॅफिलोकॉकस हा जंतू अन्नात गेला आणि पदार्थ उबेत राहिला, की तो विष तयार करतो. पदार्थ पुन्हा गरम केला तरी ते विष नष्ट होत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सात-आठ तासांत उलट्या सुरू होतात.

तिसरा धोका शब्दांचा. गूळ किंवा खजूर घालून केलेल्या लाडवावर 'शुगर फ्री' लिहिलं जातं आणि मधुमेही माणूस निर्धास्तपणे चार लाडू खातो. नियमांनुसार 100 ग्रॅममध्ये जास्तीत जास्त 0.5 ग्रॅम साखर असेल तरच तसं म्हणता येतं. 'लहान मुलांसाठी पौष्टिक' म्हणून विकलेल्या पदार्थात मध असेल, तर तो एक वर्षाखालच्या बाळाला चालत नाही. त्यातून बॉट्युलिझम होऊ शकतो.

कायद्याने सक्ती आहे का?

नाही. गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याची सक्ती घातक रसायनं हाताळणाऱ्यांना आहे. घरी लाडू करून विकणाऱ्यांना अशी सक्ती नाही.

पण विमा सक्तीचा नाही याचा अर्थ जबाबदारी नाही, असा होत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या भरपाईसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. कारखाना असो की घरचा ओटा, वस्तू बनवणारा तो उत्पादक. पुरेशी सूचना किंवा इशारा न देणं हाही त्यात दोष धरला जातो. तुम्ही वस्तूबद्दल ठाम हमी दिली असेल आणि ती खोटी ठरली, तर 'माझा निष्काळजीपणा नव्हता' हा बचाव पुरत नाही.

ऑनलाइन विकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्राहकाला तो राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. सांगलीहून पाठवलेल्या डब्याची तक्रार बेंगळुरूत उभी राहू शकते. शिवाय अन्नसुरक्षा कायद्यानुसार असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान 5 लाख रुपये भरपाईची तरतूद आहे. व्यवसाय एकट्याच्या नावावर असेल, तर व्यवसायाचा पैसा आणि घरचा पैसा कायद्याच्या लेखी वेगळा नसतो.

विमा काय देतो, काय देत नाही?

यासाठीच्या पॉलिसीला 'प्रॉडक्ट लायबिलिटी' म्हणतात. तुमच्या पदार्थामुळे कुणाला इजा झाली आणि भरपाई द्यावी लागली, तर ती रक्कम आणि वकिलाचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत कंपनी देते. दंड, खराब मालाची किंमत आणि विकलेला माल परत मागवण्याचा खर्च साधारणपणे त्यात येत नाही. जाणूनबुजून नियम मोडला असेल तर विमा उपयोगी पडत नाही.

सही करण्याआधी पाच प्रश्न विचारा. एका घटनेची आणि वर्षाची मर्यादा किती? दाव्यातली सुरुवातीची किती रक्कम मी भरायची? कोणत्या तारखेपासूनचा माल धरला आहे? परदेशी पाठवलेला माल यात आहे का? कोणकोणते पदार्थ नोंदवले आहेत? आमच्या पॉलिसीतही तारखेचा मुद्दा फार महत्त्वाचा असतो. दावा विमा चालू असताना यावा लागतो, म्हणून मध्येच खंड पडू देऊ नये.

मग घ्यावा का?

माझं मत असं : सोसायटीतल्या ओळखीच्या दहा घरांना डबे देत असाल, तर हप्त्याआधी स्वच्छता आणि लेबल यांवर खर्च करा. पण अनोळखी लोकांना कुरिअरने माल जात असेल, लहान मुलं, बाळंतिणी किंवा रुग्ण हे तुमचे ग्राहक असतील, किंवा निर्यात होत असेल, तर विमा घ्या. एका दाव्याने घर हलेल का, हाच खरा निकष. उत्तर 'हो' असेल तर हप्ता महाग नाही.

मात्र विमा म्हणजे हेल्मेट. ते घातलं म्हणून कुणी गाडी बेफाम चालवत नाही. एफएसएसएआयची नोंदणी करा आणि तो 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापा. सगळे घटक लिहा. शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, गहू, सोयाबीन असेल तर ठळक लिहा. त्याच ओट्यावर शेंगदाणे कुटले जात असतील तर तेही लिहा. प्रत्येक घाण्याला क्रमांक आणि तारीख द्या, वहीत नोंद ठेवा. हाताला जखम असेल त्या दिवशी लाडू वळू नका.

त्रास झाल्याचा फोन आला तर

आधी रुग्ण, मग बाकी सगळं. श्वास घ्यायला त्रास, ओठ-जीभ सुजणं, चक्कर यातलं काही असेल तर 'लगेच रुग्णालयात न्या, महाराष्ट्रात असाल तर 108 ला फोन करा' एवढं आधी सांगा. पदार्थात काय काय आहे ते सगळं, न लपवता सांगा. तिथल्या डॉक्टरला त्याचीच गरज असते. त्या घाण्याचा उरलेला माल विकणं थांबवा आणि थोडा नमुना जपून ठेवा. मग त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा.

परस्पर चूक कबूल करू नये, पैसे देऊ नयेत, अशी अट पॉलिसीत बहुधा असते. ती पाळा. पण घटक सांगणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे. त्या भीतीने कुणी गप्प बसू नये, कारण तिकडे एखाद्याचा श्वास अडकलेला असू शकतो.