ओव्हरऑइलिंग

पुण्यात वाढलेल्या माणसाला सायकलीबद्दल कोणी चार गोष्टी शिकवू लागलं, की त्याला आपल्या सात पिढ्यांचा अपमान झाल्यासारखं वाटतं. मी त्याच मातीतला. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत त्या काळात मी शाळेत होतो. आधी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल, मग दांडीवरून आणि शेवटी सीटवर टेकून, अशा तिन्ही परीक्षा मी गुडघे फोडून पास झालो आहे. दिवा नाही म्हणून पोलिसानं मला अडवलं आहे, डबलसीट म्हणून अडवलं आहे आणि एकदा तर दोन्ही नसताना नुसत्या चेहऱ्यावरून अडवलं आहे. तेव्हा मुलीकडे नेदरलँड्सला जायचं ठरलं आणि जावई फोनवर म्हणाले, "बाबा, इथे सगळे सायकलवरून जातात बरं का," तेव्हा मी शक्य तितक्या गरिबीनं म्हटलं, "असं का? आम्ही हत्तीवरून जायचो."

गेल्यावर पहिल्याच आठवड्यात माझी खोड जिरली. ॲमस्टेलवीनमधल्या त्यांच्या घराखालून मी जावयांची सायकल काढली आणि ऐटीत टांग मारली. आता उतारावर किंवा वळणावर आपण सगळेच उगाच उलटं पायडल मारतो. त्याचा कर्रकर्र आवाज हे आमच्या तरुणपणीचं संगीत होतं. मी ते मारलं. तिथल्या पुष्कळ सायकलींना उलटं पायडल हाच ब्रेक असतो, ही गोष्ट मला कुंपणाच्या झुडपात पोचल्यावर समजली. एक सात-आठ वर्षांची मुलगी थांबून "काका, लागलं का?" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली आणि हात सोडून सायकल चालवत निघून गेली. त्या देशात माणसं पावणेदोन कोटींच्या आसपास आणि सायकली दोन कोटींहून जास्त. म्हणजे जन्माला येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एक पुरी सायकल आणि वर थोडी चिल्लर येते. अशा ठिकाणी पुण्याची मिजास चालत नाही.

पण मला माझी जागा मिळाली ती तळघरात. त्या इमारतीला खाली सायकली ठेवायला मोठी खोली आहे. एके दिवशी तिथल्या काही सायकलींना पिवळ्या चिठ्ठ्या बांधलेल्या दिसल्या. ज्यांना कोणी वाली नाही त्या सायकली महिनाअखेर उचलून नेणार, अशी ती नोटीस होती. कोपऱ्यातल्या एका काळ्या, उंच, धुळीनं माखलेल्या सायकलीची चिठ्ठी सोडवत तळमजल्यावरच्या आजीबाई उभ्या होत्या. वय ऐंशीच्या थोडं पुढे, पाठ ताठ. त्यांना मी मनातल्या मनात 'खालच्या काकू' म्हणत असे. त्या म्हणाल्या, "ही माझ्या वडिलांची. बेवारशी कशी असेल?"

मी सायकलीकडे पाहिलं आणि थांबलो. कारण ती मला ओळखीची वाटली. दांडीचे ब्रेक, म्हणजे वायर नाही, लोखंडी सळया. चाकं अठ्ठावीस बाय दीड, म्हणजे अगदी आमच्या घरच्या सायकलीच्या मापाची. पायडलच्या दांड्याला कॉटर पिन. ट्यूबच्या तोंडाशी ती इवलीशी रबरी व्हॉल्व्हट्यूब, जी आम्ही हरवायचो आणि दुकानदार आम्हांला पाच पैशांना विकायचा. हात लावला आणि लक्षात आलं, हे तर आपलं चुलत घराणं! इंग्रजांची ती जुनी काळी दणकट सायकल एकीकडे हिंदुस्थानात आली, तशीच दुसरीकडे डचांनी उचलली. आपण ती वाढवली दुधाचे कॅन आणि गॅसची टाकी वाहायला. त्यांनी तिला पावसापासून जपायला चेनवर पुरं बंद कव्हर घातलं आणि कोटाचा घोळ चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पदर लावले. बाकी नाकडोळे तेच.

"मी हिचं ओव्हरऑइलिंग करून देतो," मी म्हणून बसलो. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पण आमच्या पेठेतल्या दुकानाच्या पाटीवर ओव्हरऑइलिंगच लिहिलेलं होतं, आणि तेल इतकं घालत की शब्द चुकीचा होता असं म्हणवत नाही.

काकू म्हणाल्या, "करा. पण माझं खरं काम वेगळं आहे. ही कधीची आहे ते मला सांगा." आणि त्यांनी हकिकत सांगितली. लढाईच्या काळात जर्मनांनी तिथल्या लोकांच्या सायकली जप्त केल्या. १९४२ साली केल्या, नंतरही केल्या. हा घाव इतका खोल, की पुढे कित्येक वर्षं जर्मनीशी फुटबॉलचा सामना असला की हे लोक 'आधी आमची सायकल परत द्या' म्हणून ओरडत. काकूंचे वडील त्यांना सांगत, की आपली सायकल एका शेतकऱ्याच्या गवताच्या गंजीत लपवली होती, लढाईनंतर ती काढून आणली. काकूंचा जन्म १९४४चा, त्यांना काय आठवणार? पण आठ वर्षांनी मोठा भाऊ म्हणे, "कसली गंजी! शिपायांनी पुलावर वडिलांना उतरवून सायकल नेली, मी बघत होतो. ही दुसरीच आहे." प्रत्येक वाढदिवसाला हे भांडण होई. दोन वर्षांपूर्वी भाऊ गेला आणि भांडण अर्धवट राहिलं.

आता आली का पंचाईत! ओव्हरऑइलिंग करायला गेलो आणि न्यायाधीश होऊन बसलो.

सायकल ओळखणं हे स्थळ पाहण्यासारखं आहे. आधी घराणं, मग जन्मसाल आणि मग अंगावरच्या खुणा. डचांकडे घराणी काही कमी नाहीत. डेव्हेंटरची बर्गर्स १८६९ची, ग्रोनिंगनची फोंगर्स १८८४ची, दीरेनची गझेल १८९२ची, हेरेनवेनची बटाव्हस १९०४ची. आमच्या सायकलीच्या नाकावरचा बिल्ला कधीच गळून गेला होता. मी रॉकेलच्या फडक्यानं एकेक नळी पुसत गेलो. तिसऱ्या दिवशी काजळीखालून सोनेरी अक्षरांचं अर्धं शेपूट वर आलं. गझेल! मी आनंदानं ओरडलो. काकूंनी माझा उच्चार सुधारला. तिथे 'ग' हे अक्षर घशात माशाचा काटा अडकल्यासारखं काढतात. ते मला निघेपर्यंत जमलं नाही.

घराणं कळलं, जन्मसाल राहिलं. कारखान्याचा नंबर सीटच्या नळीच्या वरच्या टोकाशी ठोकलेला असतो आणि कोणते नंबर कोणत्या साली निघाले याच्या याद्या शौकिनांनी करून ठेवल्या आहेत. पण तिथे गंज इतका, की नंबराऐवजी नुसती खरूज दिसत होती. तेव्हा मी इतर साक्षीदार तपासले. हँडल निकेलचं असतं तर सायकल १९३०च्या आसपासची किंवा आधीची मानता आली असती. निकेलची चकाकी किंचित पिवळी असते, जुन्या चांदीच्या वाटीसारखी. हे क्रोम निघालं, निळसर आणि थंड. क्रोम लढाईच्या आधीही होतं आणि नंतरही, म्हणजे हा साक्षीदार दोन्ही पक्षांकडून पैसे खाणारा.

मग कराचा बिल्ला शोधला. १९२४पासून १९४१पर्यंत तिथे सायकलीवर कर होता आणि तो भरल्याची पितळी पट्टी सायकलीला लावावी लागे. ज्याची ऐपत नसे त्याला फुकट पट्टी मिळे, पण तिला मधोमध भोक पाडलेलं असे, म्हणजे गावाला कळावं. सरकार कुठलंही असो, गरिबाला भोक पाडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आमच्या लहानपणी आपल्याकडेही सायकलीला बिल्ला लागे, म्हणून मला हा शोध घेताना घरच्यासारखं वाटत होतं. पट्टी काही सापडली नाही.

अखेर मागच्या चाकाचा हब. तीन गिअरचा, स्टर्मी-आर्चर कंपनीचा. या कंपनीची एक चांगली सवय होती. हबच्या अंगावर सालाचे शेवटचे दोन आकडे बारीक ठोकत. मी पितळी ब्रशनं घासलं, चष्मा बदलला, पुन्हा घासलं. आकडे आले. ४८.

मी मनाची समजूत घातली, की हब नंतर बदललेला असेल. पुष्कळांचे असतात, माझे दात माझ्या जन्मसालचे थोडेच आहेत? म्हणून सीटच्या नळीवर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेली चिंधी रात्रभर गुंडाळून ठेवली. हातमोजे घालून, हे सांगायला नको. सायकलीचा गंज उतरवताना आपली कातडी उतरायला नको. सकाळी गंज पिवळ्या पाण्यासारखा वाहून गेला होता आणि नंबर लख्ख. यादी पाहिली. तेच साल, १९४८. दोन साक्षीदार एकच बोलत होते. भाऊ खरा होता.

पुढचे तीन दिवस मी काकूंना टाळलं. कॉटर पिन निघत नाही हे निमित्त होतं आणि ते खोटंही नव्हतं. ती पिन काढणं म्हणजे रुसलेल्या आत्याला लग्नाच्या मांडवात आणणं. आधी तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, खालून लाकडाचा टेकू द्यायचा आणि मग नेमका एकच ठोसा. दोन अर्धवट ठोसे मारलेत, की ती वाकते आणि मग करवत आणावी लागते. पिन निघाली. छर्रे धुतले, नवं ग्रीस भरलं, चाकांचे आउट काढले, हँडलला ॲल्युमिनियमचा कागद पाण्यात बुडवून घासला तेव्हा क्रोम हसू लागलं. आता उरला रंग. जावई म्हणाले, "बाबा, सगळा रंग काढून नवा मारून घेऊ. अगदी शोरूममधून आल्यासारखी होईल." मलाही पटलं. विशेषतः वरच्या दांडीवर दोन ठिकाणी बांगडीसारखा रंग खरवडून पत्रा दिसत होता, ते फार वाईट दिसे.

काकूंना विचारायला गेलो, तेव्हा सांगणं भागच पडलं. "अठ्ठेचाळीसची आहे," मी म्हटलं आणि सायकलीची चेन पाहू लागलो.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे भाऊ जिंकला. ऐकायला तो नाही हे एक बरं." आणि थोड्या वेळानं, "त्या दिवसांत बाबांनी पैसे कुठून आणले असतील हो?"

मग मी घाईघाईनं रंगाचा विषय काढला आणि दांडीवरच्या त्या दोन बांगड्या दाखवल्या. काकूंनी त्यांच्यावर हात ठेवला. "हे नाही रंगवायचं," त्या म्हणाल्या. "इथे माझं छोटं सीट होतं."

आता मला बोलता येईना. कारण आमच्या वडिलांच्या सायकलीच्या दांडीवरही तसंच छोटं सीट होतं, आणि त्यावर मी होतो. माझ्या डोक्याला त्यांची हनुवटी लागत असे, चढ आला की त्यांचा श्वास टाळूवर गरम यायचा. ते गेल्यावर ती सायकल जिन्याखाली आठ वर्षं उभी होती. वाडा पाडायला निघाला तेव्हा मी ती भंगारवाल्याला किलोच्या भावानं दिली. त्यानं काट्यावर टाकून वजन केलं, पैसे मोजून दिले, मग शेजारून पंप मागून हवा भरली, पोतं कॅरियरला बांधलं आणि टांग मारून चालवत घेऊन गेला. ती चालत होती, ही गोष्ट मला तेव्हाच कळली. आज मला नंबर कुठे शोधायचा ते ठाऊक आहे, फक्त नंबर ज्याच्यावर आहे ती वस्तू नाही. पण साल कळून तरी काय करणार होतो? काकूंची सायकल वडिलांची ठरली ती काही सालामुळे नाही, त्या दोन बांगड्यांमुळे. आणि माझ्या हातात ॲसिड, ब्रश आणि रंगाचा डबा होता. आणखी दोन दिवस गेले असते, तर मी ती अगदी नवी करून कायमची बेवारशी केली असती.

तेव्हा रंग मारला नाही. नुसतं मेण लावून पुसली. खरवडल्या जागी तेलाचा हात फिरवला, गंज पुन्हा धरू नये इतकाच.

निघण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी सायकल आमच्यापुढे उभी केली. "पहिली फेरी तुमची," म्हणाल्या. बायकोनं कॅरियरकडे पाहिलं, मागच्या चाकाच्या पदरांकडे पाहिलं, "साडी नाही अडकायची इथे," असा निर्णय दिला आणि बसली. चाळीस वर्षांनी आम्ही डबलसीट निघालो. कालव्याकाठचा सपाट रस्ता, सायकल लोण्यासारखी चालली होती. मी उलटं पायडल मारायच्या मोहात पडत नव्हतो. तेवढ्यात समोरून सायकलवर पोलीस आला. तिकडे डबलसीटला मुळी मनाईच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी न डगमगता पुढे गेलो. पोलिसानं हसून हात वर केला, मीही केला, आणि मोठ्या ऐटीत बायकोला म्हटलं, "पाहिलंस?"

उत्तर आलं नाही. वळून पाहिलं, तर ती पंचवीस पावलं मागे उडी मारून उतरलेली, पदर सावरत, जणू आमची ओळखच नाही अशी चालत येत होती.