पाळीवरची फेरी

खासगी मालकीचा मातीचा बंधारा म्हणजे ओढ्यावर आडवी घातलेली मातीची पाळ, तिच्यामागे अडलेले पाणी आणि जादा पाणी एका बाजूने निघून जावे म्हणून मोकळा ठेवलेला सांडवा. धरण सुरक्षा कायदा २०२१ साली आला. तो मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांसाठी आहे. १० ते १५ मीटर उंचीची धरणे लांबी, साठा, पुराचा विसर्ग अशा ठरलेल्या अटींपैकी एखादीत बसली तरच त्यात येतात. त्याहून लहान बंधारा या कायद्याच्या हिशेबात नाही. त्याची पाहणी मालकाने करायची असते, आणि बहुतेक मालक ती करत नाहीत.

प्रस्तुत लेखकाच्या शेतावरचा बंधारा पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. उंची सहा मीटर, लांबी एकशे दहा मीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर वडिलांनी तो घातला. मधला गाभा काळ्या चिकण मातीचा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडच्या उतारावर दगडाचे पिचिंग. वीतभर जाडीचा थर टाकायचा, पाणी मारायचे, धुम्मसाने चोपायचे आणि मग पुढचा थर, असे दोन उन्हाळे काम चालले होते. बंधारा भरला की सुमारे दोन कोटी लिटर पाणी साठते. खाली पाऊण किलोमीटरवर सहा घरांची वस्ती आहे. वडिलांमागे बंधारा लेखकाच्या ताब्यात आला तेव्हा पाळीवर वेडी बाभूळ माजली होती, आणि पुढची आठ वर्षे तिच्याकडे शेळ्यांची सावली एवढ्याच नजरेने पाहिले गेले.

मातीचा बंधारा फुटतो तो प्रामुख्याने दोन वाटांनी. पाणी माथ्यावरून जाते, किंवा आतून माती घेऊन बाहेर पडते. पहिल्या वाटेचा बंदोबस्त सांडव्यात आहे. दगडी बांधावरून हातभर पाणी गेले तरी तो टिकू शकतो. मातीच्या पाळीवरून थोडे पाणी सतत गेले तरी बाहेरचा उतार चिरत जातो आणि काही तासांत खिंडार पडते. म्हणून सांडव्याचा तळ पाळीच्या माथ्यापेक्षा बराच खाली ठेवतात. या मोकळ्या उंचीला इंजिनिअर फ्रीबोर्ड म्हणतात, शेतकरी तिला वाया गेलेली जागा समजतो. पावसाळा संपत आला की सांडव्यात वाळूची पोती रचून आणखी दोन हात पाणी अडवायची चाल सर्रास आहे. या बंधाऱ्यावरही ती होती. रब्बीचे एक पाणी जास्त मिळते हे खरे, पण परतीचा पाऊस एका रात्रीत येतो आणि त्या रात्री पोती काढायला कोणी जात नाही. एका ऑक्टोबरमध्ये सकाळी पाहिले तेव्हा पाणी माथ्यापासून एक वीत खाली होते. पोती त्याच दिवशी काढली, ती पुन्हा लावलेली नाहीत. सांडव्यात मासे धरायला आडवी लावलेली जाळी, वाहून आलेला पालापाचोळा, शेजाऱ्याने घातलेले काटेरी कुंपण, यांनीही हेच घडते.

दुसरी वाट जास्त कपटी. मातीच्या पाळीतून पाझर येणारच. बंधारा कोरडा ठेवणे हा उद्देशच नसतो. पाझर किती यापेक्षा तो कसा आहे हे आधी पाहावे. स्वच्छ पाणी वर्षानुवर्षे झिरपत राहिले तरी चालते. गढूळ पाणी दिसले की पाळीच्या पोटातली माती बाहेर येऊ लागली आहे असे समजावे. धरणाचे लोक याला पायपिंग म्हणतात. बाहेरच्या तोंडाशी एक बारीक नळी तयार होते, ती मागे मागे पाण्याच्या दिशेने वाढत जाते आणि पाण्याला मिळाली की वेळ उरत नाही.

हे या बंधाऱ्यावर घडले ते एका पाइपमुळे. विहिरीकडे पाणी न्यायला जेसीबीने पाळीत चर मारून सहा इंची पीव्हीसी पाइप टाकला होता आणि चर त्याच मातीने वरवर बुजवला होता. पाइपाच्या गुळगुळीत अंगाला माती घट्ट धरत नाही, पाइपाखाली तर चोपताही येत नाही. पाणी नेमके तिथून वाट काढते. पाळीतून जाणारा कोणताही नळ ही तिची सर्वांत नाजूक जागा असते. पानशेतची मातीची भिंतही पाणी सोडणाऱ्या नळाच्या जागीच खचली आणि १२ जुलै १९६१ रोजी फुटली. ऑगस्टमधल्या एका सकाळी पाइपाच्या बाहेरच्या तोंडाजवळ ओल दिसली. दुसऱ्या दिवशी तिथे रुपयाएवढे भोक होते आणि त्याभोवती मुंगळ्यांनी माती काढावी तसा बारीक मातीचा कडा साचला होता. ते पाणी काचेच्या पेल्यात धरून ठेवले, तर पाच मिनिटांत तळाशी नखाएवढ्या जाडीचा गाळ बसला.

गडी तोवर घमेलेभर काळी माती घेऊन आला होता. “लिंपून टाकू का, दादा?” हा त्याचा प्रश्न कोणालाही सुचेल असाच, आणि तेच करायचे नसते. बाहेरचे तोंड बंद केले की पाणी आत दाब धरते आणि दुसरीकडून फुटते. पाण्याला वाट द्यायची, मातीला अडवायचे. त्यासाठी भोकावर आधी फूटभर जाडीची भरड वाळू, तिच्यावर खडी आणि वर दगड रचायचे. तसे केल्यावर संध्याकाळपर्यंत पाणी येतच राहिले, पण निवळ आले. त्याच वेळी दोन पंप लावून तळ्याची पातळी दिवसाला फूटभर अशी उतरवली. घाईने उतरवणेही धोक्याचे: आतला उतार पाण्याने भिजून जड झालेला असतो, समोरच्या पाण्याचा आधार एकदम गेला की तो घसरतो. उन्हाळ्यात पाइप उखडला, चराच्या बाजू तिरप्या छाटल्या आणि ओलसर चिकण माती थराथराने चोपून भरली. आता पाणी पाळीवरून सायफनने जाते. पाळीला भोक न पाडता पाणी काढण्याचा हा स्वस्त मार्ग आहे.

देखरेखीला महाग यंत्रे लागत नाहीत. पायथ्याशी झिरपणारे पाणी एका छोट्या चरात गोळा करून चराच्या तोंडाशी काटकोनी खाच कापलेला पत्रा बसवला आहे. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजली की प्रवाह कळतो. ५ सेंटिमीटर उंचीला सेकंदाला पाऊण लिटर, साडेसहाला दीड लिटर, १० ला जवळपास साडेचार. म्हणजे दीड सेंटिमीटर चढल्यावरच पाणी दुप्पट होते, आणि डोळ्यांना ते कळतही नाही. पट्टी लावून वहीत लिहिले तरच कळते. तळ्यात उभ्या केलेल्या लोखंडी अँगलवर रंगाने पातळीच्या खुणा केल्या आहेत. वहीत तारीख, तळ्याची पातळी, आदल्या दिवसाचा पाऊस, खाचेतली उंची आणि पाणी निवळ की गढूळ, एवढेच रकाने. तुलना नेहमी सारख्या पातळीची करावी: गेल्या वर्षी बंधारा काठोकाठ भरला तेव्हा किती आणि यंदा तितकाच भरला तेव्हा किती. पाऊस चालू असताना डोंगरउताराचे पाणीही चरात येते, म्हणून नोंद एक दिवस उघडीप मिळाल्यावर घ्यावी. पावसाळ्यात दर आठवड्याला, मोठ्या पावसानंतर दुसऱ्या सकाळी आणि बाकी वर्षभर महिन्याला एक फेरी पुरते.

फेरी मारायची ती माथ्यावरून एकदा आणि बाहेरच्या पायथ्याने एकदा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. पाळीच्या लांबीला समांतर भेग सहसा वाळल्यामुळे पडते, तरी तिच्या बाहेरच्या अंगाची माती खाली बसली असेल तर उतार घसरू लागला आहे असे धरावे. पाळीला आडवी, पाण्याकडून बाहेर जाणारी भेग मात्र लगेच उकरावी. तीत चुन्याचे पाणी ओतून ठेवले की खोदताना पांढरी रेघ जिथे संपते तिथवर भेग. वेडी बाभूळ, निरगुडी, घाणेरी पाळीवर ठेवू नयेत. झाड मेले की कुजलेल्या मुळाची नळी मागे राहते. मोठे झालेले झाड सरळ उपटूही नये. बुंधा आणि मुळे काढून खड्डा चोपून भरावा लागतो. बाहेरच्या उतारावर हरळी उत्तम.

घुशी, साळिंदर, वाळवी आणि खेकडे पाळीत घर करतात. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले तेव्हा तत्कालीन मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि राज्यभर त्यांची टिंगल झाली. खेकडा बिळे करतो यात खोटे काही नाही. पण गावकऱ्यांनी गळतीची तक्रार त्याआधीच केली होती, आणि बीळ एका रात्रीत पाळ पोखरत नाही.

गाळ काढतानाही जपावे लागते. जेसीबीवाल्याला पाळीच्या आतल्या पायथ्याजवळची माती खोदायला सोपी वाटते, पण पायथा पोखरला की वरचा उतार निराधार होतो आणि तळावर बसलेला चिकण थर निघाला की पाझर वाढतो. या बंधाऱ्यात पायथ्यापासून दहा मीटरवर चुन्याची फक्की मारूनच यंत्र आत सोडले जाते.

पंपाच्या खोलीबाहेर भरड वाळू, खडी आणि शंभर रिकामी पोती झाकून ठेवलेली आहेत. ही वाळू कोणाच्याही बांधकामाला दिली जात नाही, त्यावरून दोनदा भाऊबंदांशी वाद झाला आहे. खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला वस्तीतल्या सहाही घरांचे फोन नंबर ऑइलपेंटने लिहिले आहेत आणि दरवर्षी मृगापूर्वी ते लावून पाहिले जातात. यंदा त्यातले दोन बदललेले निघाले.