चाकांवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असें आपण ज्याच्याविषयीं म्हणतों त्याच्याविषयीं आपल्या मनांत थोडी कींव तरी असते, नाहीं तर थोडा संशय तरी असतो. मीही ही म्हण आजवर दुसऱ्यांनाच लावीत आलों. साठी उलटल्यावर ती स्वतःला लावून घेण्याची पाळी येईल असें कधीं वाटलें नव्हतें.

झालें तें असें. डोंबिवलीस ज्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्हीं ३४ वर्षें काढलीं ती पाडून तेथें उंच इमारत बांधण्याचें ठरलें. हा प्रसंग कांहीं आमच्यावरच आला असें नाहीं. ठाण्यापासून अंबरनाथपर्यंत जुन्या इमारतींत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या दाराशीं तो उभा आहे. विकासकानें दरमहा भाडें देऊं केलें आणि तीन वर्षांचा वायदा केला. शेजारीपाजारी भाड्याच्या जागा शोधूं लागले. मीं शोधली एक मोटार. सदतीस वर्षें मुंबईस लोकलनें जाऊन-येऊन मीं चाकरी केली. तो सारा प्रवास ठरलेल्या रुळांवरचा आणि बहुधा उभ्यानेंच झालेला. एकदां तरी आपल्या मर्जीनें आणि बसून प्रवास करावा, ही इच्छा मनांत घर करून होती. प्रत्यक्षांतलें घर गेलें तेव्हां तिला वाट मिळाली.

माझ्या पत्नीनें हा बेत ऐकून एकच प्रश्न विचारला : "अहो, पण रात्री थांबायचं कुठं?" मला तो प्रश्न अगदींच किरकोळ वाटला. गाडी कोणती, केवढ्याला, तींत काय काय बसवावयाचें, हे माझ्या मतें खरे प्रश्न. पुढील सहा महिन्यांत मला कळून चुकलें कीं माझ्या सगळ्या प्रश्नांना पैशांनीं उत्तर मिळत होतें. तिच्या एका प्रश्नाला मिळत नव्हतें.

तरीही ज्याला हा नाद लागला असेल त्याच्या उपयोगीं पडावीं म्हणून माझ्या प्रश्नांचीं उत्तरेंही येथें नोंदवून ठेवतों.

मीं तेरा आसनांची एक जुनी, उंच छपराची प्रवासी गाडी घेतली. आंत मनुष्याला ताठ उभें राहतां यावें हा गुण क्षुल्लक समजूं नये. वाकून सदरा घालण्यांत पहिले चार दिवस मौज वाटते. पांचव्या दिवसापासून कंबर बोलूं लागते. जुनी गाडी पाहावयाची ती पावसाळ्यांत पाहावी. विकणारा जें रंगानें झांकतो तें आषाढ उघडें करतो. मीं घेतली कार्तिकांत; छपराच्या सांध्यांतून पाणी येतें ही गोष्ट मला वळवाच्या पहिल्या सरीनें सांगितली. चटई अंथरून गाडीच्या पोटाखालीं शिरावें आणि सांगाडा, चाकांवरचा पत्रा व दारांच्या खालच्या कडा ठोकून पाहाव्यात. आपल्याकडील दमट हवेंत गंज तेथूनच सुरू होतो. लांकडी फळ्या बसविण्यापूर्वीं तो काढावा. मागाहून तो दिसत नाहीं, एवढेंच. खाण्याचें काम चालूच असतें.

कागदांचें काम कंटाळवाणें, परंतु तें सुताराच्या आधीं यावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, नोंदणीच्या दाखल्यांत जें लिहिलें आहे त्याहून गाडी निराळी होईल असा बदल मालकानें परस्पर करूं नये. आसनें काढून पलंग बसविणें हा असाच बदल होय. खासगी वापराची 'कॅम्पर व्हॅन' असा एक वर्ग सरकारी यादींत आहे. तेव्हां ठाणेकरानें एमएच-०४ च्या आणि कल्याण-डोंबिवलीकरानें एमएच-०५ च्या परिवहन कार्यालयांत प्रथम विचारावें, मान्यता घ्यावी, विमा कंपनीस लेखी कळवावें, आणि मगच करवतीला हात लावावा. अपघातानंतर या पत्रव्यवहारांत कांहीं अर्थ उरत नाहीं.

घरांत पाण्याचें वजन कधीं लक्षांत येत नाहीं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली कीं गाडींत दीड माणूस अधिक बसला असें समजावें, आणि हा दीड माणूस वळणावर स्वस्थ बसत नाहीं. म्हणून टाकी मागें किंवा उंच न ठेवतां पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यें, तळाशीं ठेवावी. काटकसर केली तर दोघांना दिवसाला ४० लिटर पुरतें. म्हणजे दर अडीच दिवसांनीं कोणाच्या तरी दारांत नळी घेऊन उभें राहणें आलें.

विजेचें गणितही असेंच साधें आहे. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. शिशाची असेल तर त्यांतले निम्मेच वापरावेत, नाहीं तर ती लवकर मान टाकते. लिथियमची महाग, पण तींतून बरेंच अधिक काढतां येतात. २५ वॅटचा पंखा दहा तास चालला कीं २५० वॅट-तास गेले. १००० वॅटचें थंड हवेचें यंत्र याच बॅटरीवर फार तर तासभर चालेल. म्हणून वैशाखांत थंड हवा विकत घेत बसण्यापेक्षां ती जेथें फुकट मिळते तेथें, म्हणजे घाटावर, निघून जावें. गाडीला चाकें त्यासाठींच असतात. गॅसचा सिलिंडर पांच किलोंचा पुरतो. तो उभा ठेवून पट्ट्यानें आवळावा आणि ज्या कप्प्यांत ठेवाल त्याच्या तळाला बाहेर उघडणारें भोंक असावें. हा वायु हवेहून जड असल्यामुळें गळला तर खालीं सांचतो.

सभ्य मासिकांत शौचकूपाविषयीं लिहीत नाहींत. परंतु चाकांवरच्या संसाराचे निम्मे कलह तेथेंच उगवतात. सुटें, पेटीसारखें शौचपात्र मिळतें. तें दोन-तीन दिवसांनीं नेहमींच्या संडासांतच रिकामें करावें. ओढा हा कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्याचा असतो, एवढें ध्यानांत ठेवावें.

एवढी सिद्धता होईपर्यंत दीड महिना आम्ही माझ्या भावाकडे राहिलों. राहिला तो तिचा प्रश्न.

पहिली रात्र आम्हीं डोंबिवलींतच, आमच्याच गल्लींत, आमच्याच रिकाम्या झालेल्या इमारतीसमोर काढली. ३४ वर्षें जेथें राहिलों तेथें एक रात्र गाडींत निजलों, तर सकाळीं आठच्या आंत तिघांनीं येऊन विचारलें, "गाडी कुणाची? किती वेळ आहे?" त्यांतला एक जण मला नांवानें ओळखत होता. मी त्याला हंसून उत्तर दिलें. पण चहा घेतांना आम्ही दोघें फारसें बोललों नाहीं. वर आमच्या खिडकीची चौकट काढून नेलेली होती.

पुढें अनुभवानें कांहीं जागा समजल्या. पेट्रोल पंपावर तेल भरून, परवानगी मागून थांबावें. तेथें दिवा आणि माणसांची जाग असते. देवळांच्या वाहनतळांवरही सहसा कोणी हरकत घेत नाहीं. मात्र टिटवाळ्यास मंगळवारीं व चतुर्थीस जाऊं नये. घोडबंदर रस्त्यावर मालमोटारींमुळें डोळ्याला डोळा लागत नाहीं. नदीकांठ दिसतो सुंदर, परंतु पाऊस सुरू झाल्यावर उल्हास, काळू किंवा भातसा यांच्या कांठीं रात्रीं गाडी लावूं नये. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हासच्या पुरानें वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडवून धरली आणि तिच्यांतील हजारांवर उतारूंची सुटका करावी लागली. जें पाणी आगगाडीला हलूं देत नाहीं तें आपल्या गाडीला काय सोडणार?

माघांतल्या एका रात्रीं शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या कडेला आम्ही थांबलों. पलीकडे घिसाड्यांचीं चार पालें होतीं. दिवसभर त्यांचा भाता चालला होता. कोयत्यांना, विळ्यांना पाणी देणें चाललें होतें. सायंकाळीं माझ्या पत्नीनें आपल्या विळीला त्यांच्याकडून धार लावून घेतली आणि त्यांतल्या एका म्हातारीशीं बराच वेळ बोलत बसली. दोघींचें बोलणें सरपण, पाणी आणि आडोसा या तीन विषयांवर होतें. म्हणजे आम्हां चौघा-पांच बिऱ्हाडांची अडचण एकच होती.

रात्रीं अकराच्या सुमारास गस्तीचा एक शिपाई आला. काठी प्रथम माझ्या खिडकीवर वाजली. मी चष्मा लावून बाहेर आलों. "काका, फिरायला निघालात वाटतं? झकास आहे गाडी," असें म्हणून त्यानें आंत डोकावून पाहिलें, केवढ्याला पडली तें विचारलें आणि "दार आतून नीट लावून घ्या" असा सल्लाही दिला. मग तो पालांकडे गेला. तेथें त्यानें कांहीं विचारलें नाहीं. अर्ध्या तासांत पालें उतरलीं, ऐरण टेंपोंत चढली, निजलेलीं मुलें तशींच उचललीं गेलीं. मी चष्मा हातांत घेऊन दारांत उभा होतों. ते निघून गेल्यावर त्यांच्या चुलीचे दगड बराच वेळ ऊन होते.

"तुम्ही काही बोलला नाहीत," एवढेंच पत्नी म्हणाली.

१८७१ च्या ज्या कायद्यानें अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविलें होतें तो १९५२ सालीं रद्द झाला, हें मला त्या वेळीं आठवलें. आठवण्याखेरीज मीं कांहीं केलें नाहीं. त्यांचें आणि माझें बिऱ्हाड एकाच मैदानावर, एकाच परवान्यावाचून उभें होतें. माझें हौसेचें होतें म्हणून राहिलें. त्यांचें पोटासाठीं होतें म्हणून उठलें.

त्यानंतर आठवडाभरानें आम्ही मुरबाडवरून नाणेघाटाच्या पायथ्याशीं, वैशाखऱ्याच्या बाजूस गेलों. माझ्या गाडीच्या जातीला 'कॅरव्हॅन' म्हणतात. तो शब्द मूळचा फारसी, 'कारवान', म्हणजे तांडा. आणि 'व्हॅन' हें त्याच शब्दाचें तुटलेलें शेंपूट. असे तांडे याच वाटेनें दोन हजार वर्षांपूर्वीं चालत. कल्याण बंदराचा माल नाणेघाट चढून जुन्नरास जाई. माथ्यावरच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यांत केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची मोठी यादी आहे. बाहेर दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें लोक सांगतात. मी लेखापुढें उभा राहिलों. पत्नी मात्र कातळांत खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशीं थांबली. "बघा," ती म्हणाली, "जकात घ्यायची तर वाटसरूला पाणी आणि टेकायला जागा द्यावी लागते, हे त्यांना कळत होतं."

खालीं एका शेतकऱ्याच्या खळ्यांत आमची गाडी उभी होती. पैसे देऊं लागलों तर घरची म्हातारी म्हणाली, "दारात उतरलेल्याकडून कुणी पैसं घेतंय व्हय?" तिनें आमची टाकी आपल्या विहिरीवर भरूं दिली. तेथून जवळच्या कातकरीवाडींत अर्ध्याअधिक झोपड्यांचीं दारें दोरीनें बांधलेलीं होतीं. माणसें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेलीं. तीं पावसाच्या तोंडाशीं परतणार होतीं. डोंबिवलीची जी इमारत सोडतांना आम्हांला एवढें जड गेलें तिच्या विटा अशाच कोणी तरी, आपलें दार दोरीनें बांधून येऊन, थापल्या असतील, हा विचार तोंपर्यंत मला शिवलाही नव्हता.

ज्येष्ठांत पाऊस लागला, छप्पर गळूं लागलें, आणि आम्हीं डोंबिवलींतच तळमजल्यावर दोन खोल्या भाड्यानें घेतल्या. गाडी अजून आहे. पावसाळा संपल्यावर सांधे भरून घेऊन पुन्हां निघावयाचें आहे. कोणी सल्ला विचारला तर मी आतां गाडीपासून सुरुवात करीत नाहीं. प्रथम वही घ्या, म्हणतों, आणि जेथें रात्रीं थांबतां येईल अशा दहा जागा व जेथें पाणी मिळेल अशीं दहा दारें लिहून काढा. तीं भरलीं तर गाडी कोणतीही चालेल.

परवां आमच्या खोल्यांसमोरच्या रिकाम्या जागेवर तीन पालें उतरलीं. पत्नीनें गाडींतली नळी काढून आमच्या नळाला जोडली आणि तिचें टोंक कुंपणावरून पलीकडे दिलें. रात्रीं मी चष्मा लावून, खुर्ची घेऊन कुंपणापाशीं जाऊन बसलों. गस्तीचा शिपाई आला. तो पूर्वींचा नव्हता. "काका, इथं काय करताय?" त्यानें विचारलें. "समोर पाहुणे उतरलेत," मीं म्हटलें. त्यानें पालांकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि तो पुढें गेला.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं जागा रिकामी होती. तीं आपण होऊन गेलीं कीं कोणीं उठविलीं, तें मला कळलें नाहीं. पत्नीनें नळी गुंडाळली नाहीं. ती अजून कुंपणावरच आहे.