प्रीमियम पेअरिंग घ्यावं का? क्रूझवरची टिपणं

आधी प्रश्न नीट मांडून घेऊ. भूमध्य समुद्रातल्या आठवडाभराच्या क्रूझवर मुख्य डायनिंग रूममधलं जेवण तिकिटातच येतं. त्याशिवाय बोटीवर एक-दोन खास रेस्टॉरंटं असतात. तिथे पाच-सहा कोर्सचं जेवण मिळतं आणि हवं असल्यास त्यासोबत वाइन पेअरिंग, म्हणजे प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळ्या वाइनचा छोटा ग्लास. पेअरिंगच्या अनेकदा दोन पायऱ्या असतात, एक साधी आणि एक प्रीमियम. ड्रिंक्स पॅकेज घेतलेलं असलं, तरी पेअरिंग बहुधा त्याच्या बाहेर असतं. त्यामुळे हा निर्णय वेगळा घ्यावा लागतो. बहुतेक जण तो मेनू हातात आल्यावर, वेटर शेजारी उभा असताना घेतात. तो आधी शांतपणे घेता यावा म्हणून ही टिपणं.

*

पहिलं गणित मापाचं. पेअरिंगमधला ग्लास पूर्ण नसतो. पूर्ण ग्लास साधारण 150 मिलीचा, पेअरिंगमधला 60 ते 90 मिलीचा. 75 मिली धरला, तर पाच ग्लास मिळून 375 मिली, म्हणजे बरोबर अर्धी बाटली.

समजा, साधं पेअरिंग 60 डॉलर आणि प्रीमियम 120. त्यावर सर्व्हिस चार्ज येतो, कुठे 18 टक्के, कुठे 20. 18 टक्क्यांनी साधं 70.80 होतं, प्रीमियम 141.60. आता ही रक्कम दुप्पट करा. तो झाला एका बाटलीचा दर: साध्याचा 141.60, प्रीमियमचा 283.20. नवरा-बायको दोघांनी प्रीमियम घेतलं, तर दोघांच्या पोटात मिळून एकच बाटली गेली आणि तिला 283 डॉलर पडले. मग वाइन लिस्ट उघडावी आणि तेवढ्या पैशांत कुठली बाटली येते ते बघावं. ती बाटली बघून मोह झाला, तर उत्तर मिळालं. पाच वेगवेगळ्या चवींचाच मोह कायम राहिला, तरीही उत्तर मिळालं.

ग्लास 60 मिलीचा असेल, तर हाच प्रीमियम दर बाटलीमागे 354 डॉलरवर जातो. म्हणून पहिला प्रश्न मापाचा विचारावा. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

*

प्रीमियम पायरीवर बदलतं काय? पाचही ग्लास सारखेच वर चढतात असं नाही. किमतीतला फरक बहुतेक वेळा एक-दोन ग्लासांत साठलेला असतो.

सुरुवातीचा फेसाळ ग्लास घ्या. साध्या पेअरिंगमध्ये तिथे प्रोसेको येऊ शकते, प्रीमियममध्ये शॅम्पेन. प्रोसेकोचा फेस सहसा मोठ्या टाकीत तयार होतो. शॅम्पेनचं दुसरं आंबवणं बाटलीतच होतं आणि बाजारात येण्याआधी ती किमान 15 महिने तळघरात थांबते. एकाच सालाच्या द्राक्षांची असेल, तर किमान तीन वर्षं. हा वेळ चवीत उतरतो. त्यात भाजलेल्या पावाचा वास येतो, बुडबुडे बारीक असतात आणि चव जिभेवर रेंगाळते. इथे जादा पैशांना खरा मोबदला आहे.

शेवटचा गोड ग्लासही तसाच. बोर्दोजवळच्या सोतेर्नमध्ये एक विशिष्ट बुरशी चढून सुकत आलेली द्राक्षं निवडून खुडतात आणि त्यासाठी मजूर एकाच मळ्यातून पुन्हा पुन्हा फिरतात. रस अगदी थोडा निघतो. ती वाइन स्वस्तात बनवता येत नाही.

मधल्या लाल वाइनचं मात्र सांगता येत नाही. तिथे पैसे कधी जुन्या सालासाठी मोजले जातात, कधी गावाच्या नावासाठी, कधी फक्त कीर्तीसाठी. म्हणून दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. फरक कुठल्या ग्लासांत आहे ते कळलं, की तेवढेच ग्लास सुटे मिळतील का, हे विचारता येतं.

*

असे सुटे ग्लास मिळूही शकतात. 2013 साली कोराविन नावाचं उपकरण बाजारात आलं. त्याची बारीक सुई बुचातून आत जाते, आरगॉन वायूच्या दाबाने वाइन बाहेर येते आणि सुई काढल्यावर बूच पुन्हा मिटतं. बाटली न उघडता एक ग्लास काढता येतो. हे उपकरण असलेल्या रेस्टॉरंटमध्ये महागड्या वाइनही ग्लासावर मिळू लागल्या. साधं पेअरिंग आणि वर एकच मोठा ग्लास हा मला वाटतं सगळ्यांत समजूतदार मार्ग.

कोराविन नसेल, तर दुसरा प्रश्न: ही बाटली कधी उघडली? परवा उघडलेली लाल वाइन कितीही थोर असली, तरी थकलेली असते.

*

किमतीचा चवीवर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासला गेला आहे. 2008 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 20 जणांना मेंदूचं स्कॅन चालू असताना वाइन चाखवली. पाच वेगळ्या वाइन आहेत असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात तीनच होत्या. 90 डॉलरची वाइन एकदा खऱ्या किमतीने दिली आणि एकदा 10 डॉलरची म्हणून. 5 डॉलरची वाइन 45 ची म्हणूनही दिली. जास्त किंमत सांगितली, की तीच वाइन जास्त आवडली. नुसतं तोंडाने सांगण्यापुरतं हे नव्हतं. मेंदूतला आनंदाशी जोडलेला भागही जास्त सक्रिय झाला. किंमत न सांगता चव घेतली, तेव्हा हा फरक उरला नाही.

मी यातून असं घेतो, की महाग वाइनमधला आनंद खोटा नसतो, पण त्याचा काही हिस्सा वाइनमधून येतो आणि काही आकड्यातून. आपण कोणत्या हिश्श्याचे पैसे देतोय ते आपल्याला ठाऊक असावं. दोघांनी जावं, एकाने साधं घ्यावं, दुसऱ्याने प्रीमियम. प्रत्येक कोर्सला ग्लास अदलाबदल करून आधी चाखावं, नाव नंतर विचारावं. पाच कोर्स संपेपर्यंत आपली जीभ कुठे फरक ओळखते, ते स्वच्छ कळतं.

*

किमतीसारखंच नावाचंही. 24 मे 1976 ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने नावं झाकून वाइनची चाचणी घेतली. परीक्षक फ्रेंच होते. लालमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, पांढऱ्यामध्ये कॅलिफोर्नियाचीच शातो माँतेलेना. फ्रान्समधल्या बोर्दो आणि बर्गंडीची मातब्बर नावं मागे पडली. ही गोष्ट पन्नास वर्षं सांगितली जाते आणि तरीही वाइन लिस्टमध्ये नावाचा भाव वेगळा लागतोच.

*

आता आपल्या घराघरांतला शाकाहाराचा प्रश्न. पेअरिंग रचलेलं असतं ते मांसाहारी मेनूभोवती. लाल वाइनमधलं टॅनिन जांभळासारखं तोंड आवळतं. मांसातली चरबी आणि प्रथिनं तो तुरटपणा मऊ करतात. म्हणून स्टेकबरोबर काबर्ने सोव्हिन्यों. शाकाहारी माणसासाठी स्वयंपाकघर पदार्थ बदलून देतं, पण ग्लासात मात्र तीच काबर्ने येते. भाज्यांच्या हलक्या पदार्थासमोर ती कडक आणि कोरडी लागते. इथे प्रीमियम आणखी तोट्याचं ठरू शकतं, कारण लालमधली महाग बाटली बऱ्याचदा जास्त टॅनिनची असते.

शाकाहारी जेवणाला जुळणाऱ्या जोड्या भरपूर आहेत. मशरूमबरोबर पिनो न्वार. बकरीच्या दुधाच्या चीजबरोबर लुआर खोऱ्यातली सॉन्सेर, कारण ते चीज आणि ती वाइन एकाच परिसरातली. निळ्या बुरशीच्या चीजबरोबर सोतेर्न: खारट आणि गोड. आरक्षण करतानाच सांगावं, की आम्ही शाकाहारी आहोत आणि वाइनही त्याप्रमाणे बदलून हवी. आनंदाने बदलून देत असतील, तर पेअरिंग घ्यावं. नाहीतर दोन आवडते ग्लास सुटे मागवावेत.

आणखी एक. वाइन निवळण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशाच्या पोटातल्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरतात. काही जण बेन्टोनाइट ही माती वापरतात. ज्यांच्या घरी शाकाहार काटेकोर पाळला जातो, त्यांनी जरूर विचारावं.

*

बोटीवरच्या औषधाबद्दल हे टिपण सगळ्यांत महत्त्वाचं. समुद्र लागू नये म्हणून आपल्याकडे अ‍ॅव्होमिन घेतात. त्यात प्रोमेथाझिन असतं. त्याने गुंगी येते आणि दारूबरोबर ती आणखी वाढते. गोळी घेतलेल्या रात्री पेअरिंग नको, साधंही नको आणि प्रीमियमही नको. पाच छोटे ग्लास किरकोळ वाटतात. 13 टक्क्यांच्या वाइनचे 375 मिली म्हणजे सुमारे 38 ग्रॅम अल्कोहोल, अमेरिकी मापाने जवळजवळ तीन ड्रिंक.

*

रात्र कुठली निवडावी? पहिली तर नक्कीच नको. उन्हाळ्यात बार्सिलोना मुंबईच्या साडेतीन तास मागे असतं. तिथल्या साडेआठच्या जेवणाला आपल्या शरीरात मध्यरात्र असते. थकलेल्या जिभेला वाइनमधले बारकावे कळत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे सहलीची बस असेल, तर तीही रात्र नको. ज्या दिवशी बोट समुद्रातच असते, त्याच्या आदल्या दिवशीची रात्र सगळ्यांत चांगली. सकाळी उठायची घाई नसते.

*

भूमध्य समुद्राबद्दल मला आणखी एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. जिथे बोट लागते, त्या जवळजवळ प्रत्येक बंदरामागे द्राक्षमळे आहेत. बार्सिलोनाहून लोकल ट्रेनने तासाभरात सान्त सादुर्नी द'अनोइया गाठता येतं, ते कावा या फेसाळ वाइनचं गाव. लिव्होर्नोच्या दक्षिणेला किनाऱ्यावर बोल्गेरी आहे, सास्सिकाया ही वाइन तिथली. नेपल्सला व्हेसुव्हियसच्या उतारावरची लाक्रिमा क्रिस्ती मिळते आणि आतल्या डोंगरातली ग्रेको. सांतोरिनीला वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून वेली जमिनीलगत टोपलीसारख्या वळवतात आणि त्या टोपलीत आसिर्तिकोची द्राक्षं पिकतात.

प्रीमियम आणि साध्या पेअरिंगमधल्या फरकाचे पैसे इथे, जमिनीवर, खूप लांबपर्यंत पुरतात. शिवाय माती, वारा, घाम गाळणारी माणसं डोळ्यांसमोर असतात. बोटीवरचं रेस्टॉरंट कितीही सुंदर असलं, तरी हे देऊ शकत नाही.

*

वाइन आणि जहाज यांचं नातं जुनं आहे. मडेरा बेटावरच्या वाइनची पिंपं उष्ण कटिबंधातून प्रवास करून परत आली, तेव्हा हालचाल आणि उष्णतेने वाइन सुधारली असं लोकांच्या लक्षात आलं. मग मुद्दाम तशी पिंपं पाठवली जाऊ लागली. पुढे ती उष्णता बेटावरच देण्याच्या पद्धती बसल्या. मडेरा उघडल्यावरही महिनोन्‌महिने टिकते. त्यामुळे शेवटच्या गोड ग्लासासाठी तिचं नाव यादीत दिसलं, तर बाटली कधी उघडली याची चिंता करायला नको.

जुन्या बोर्दोचं उलट. तिच्या तळाशी गाळ बसलेला असतो आणि सतत हलणाऱ्या जागी तो नीट बसत नाही. फार जुन्या सालाची लाल वाइन मी बोटीपेक्षा जमिनीवर प्यायला सांगेन.

*

क्रूझला निघण्याआधी नाशिकला जाऊन यावं. तिथल्या सुला वायनरीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. आज नाशिकच्या परिसरात अनेक वायनरींत बसून चाखता येतं, तेही बोटीवरच्या एका ग्लासाच्या पैशांत. सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां शेजारी ठेवून चाखाव्यात. अकलूजच्या फ्राटेली वायनरीची सांजोवेसी मिळवावी. टस्कनीचं हे द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात पिकतं आणि ते तिथे रुजवण्यात पिएरो मासी या टस्कनीच्याच वाइनकाराचा हात आहे. आपल्याला आंबटपणा आवडतो की तुरटपणा, हलकी वाइन आवडते की भरदार, एवढं कळलं तरी पुरे. स्वतःची आवड माहीत असलेल्या माणसाला पेअरिंग दुप्पट देतं.

*

शेवटी, सगळ्यांत मोलाचं काय? वाइन ओतणारा माणूस, म्हणजे सोमेलिए. तो टेबलाशी थांबून सांगतो, की या माशाबरोबर हीच का, लिंबू पिळल्यावर वाइन गोड का वाटू लागली, मीठ वाढल्यावर तुरटपणा का उतरला. ते ऐकून आधी एक घोट, मग घास, मग पुन्हा घोट घ्यावा. वाइन खरंच बदललेली लागते. हे एकदा समजलं, की पुढे आयुष्यभर घरच्या जेवणालाही उपयोगी पडतं. अनेक बोटींवर डायनिंग आणि बारमध्ये आपल्याकडची, विशेषतः गोव्याची, मुलं-मुली काम करतात. महिनोन्‌महिने घरापासून दूर राहून हे शिकलेली असतात. त्यांच्याशी आपुलकीने बोलावं, वेळ मागावा. सर्व्हिस चार्जबद्दल कुरकुर करू नये.

*

म्हणून माझा निर्णय असा. समजावून सांगायला वेळ असलेला सोमेलिए असेल, वाइन आपल्या ताटाप्रमाणे बदलून मिळत असेल, आणि यादीत शॅम्पेन किंवा सोतेर्नसारखे मेहनतीचे दोन ग्लास दिसत असतील, तर एका प्रवासात एकदा प्रीमियम जरूर घ्यावं. यातली पहिली अट पुरी होत नसेल, तर बाकी दोन असूनही घेऊ नये. साधं पेअरिंग घेऊन वर एक मोठा ग्लास मागवावा आणि उरलेले पैसे पुढच्या बंदरासाठी ठेवावेत.