अमीनाबादची एका खोलीची शाळा

लखनौला गेलात की चिकनकामाच्या कपड्यांसाठी अमीनाबाद बाजारात चक्कर होतेच. याच बाजारात १८ एप्रिल १८७० रोजी अमेरिकेहून आलेल्या मिशनरी इझाबेला थोबर्न यांनी एका खोलीत मुलींची शाळा उघडली. पटावर सहाजणी, गावातल्या मूठभर ख्रिस्ती समाजातल्या. मुली शिकणार म्हटल्यावर दंगा होईल या धास्तीनं दाराशी लाठी घेतलेला एक तरुण उभा केला होता! पुण्यात सावित्रीबाईंवर झालेली चिखलफेक आठवतेच. पुढच्या वर्षी शाळेला लालबागेत घर मिळालं, १८८६ मध्ये महाविद्यालयाचे वर्ग निघाले. इझाबेलाबाई १९०१ मध्ये लखनौतच पटकीनं गेल्या. त्यांच्या नावाचं महाविद्यालय १९२३ पासून चांदबागेत आहे. लालबागेत मात्र अजूनही मुलींची शाळाच भरते.