पावणेनऊ सेकंद

प्राथमिक शाळेत चित्रपट शिकवतो असे सांगितले, की ऐकणारा बहुधा एकच विचारतो : त्यातून मुलांना संदेश कोणता देता? तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. आमच्या चौथीच्या वर्गाने केलेल्या चित्रपटात संदेश शोधूनही सापडला नसता. त्यात एक वाटाण्याचे रोप होते.

कल्पना दादासाहेब फाळके यांची. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला. त्याआधी भांडवल उभे करण्यासाठी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ दिवसांमागून दिवस टिपली आणि ती काही क्षणांत पडद्यावर दाखवली. आपल्याकडील चित्रपटाच्या आरंभी देवादिकांच्याही आधी एक अंकुर आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

दसऱ्याला आम्ही शाळेच्या ओसरीवर वाटाणा पेरला. स्टुलाच्या चार पायांभोवती खडूच्या खुणा केल्या, विटांच्या आधाराने माझा जुना मोबाईल उभा केला. रोज अकरा वाजता एक छायाचित्र. मोबाईल तसूभर सरकला, तर पुढे पाहताना रोप नाचते, हे मुलांना तिसऱ्याच दिवशी उमगले. मग हिशेब मांडला. सेकंदाला चार चित्रे धरली, तर चाळीस दिवसांचे किती? दहा सेकंद! वर्ग अवाक झाला. गणिताच्या तासाला भागाकाराने असा परिणाम साधल्याचे मला आठवत नाही.

छायाचित्राचे काम शाळेसमोर राहणाऱ्या एका मुलाकडे होते. सुटीच्या दिवशीही तो चुकत नसे. आमचे गाव बीड जिल्ह्यातले. ऊसतोडीला टोळ्या निघतात, तेव्हा निम्मी आळी कुलूपबंद होते, हे तुम्हांपैकी अनेकांनी पाहिले असेल, काहींनी भोगलेही असेल. दिवाळीच्या सुटीत मुकादमाची गाडी अपेक्षेपूर्वीच आली. मुलाने मोबाईल फडक्यात गुंडाळून शेजारच्या आजीकडे ठेवला आणि तो आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेला. शाळा उघडेपर्यंतचे पाच दिवस छायाचित्रांवाचून गेले.

चित्रे जोडून पाहिली, तेव्हा मध्येच रोप एकदम टुणकन उंच झाले. मुले हसली; मग गप्प झाली. एका मुलीचे म्हणणे पडले, की नवा दाणा पेरून पुन्हा सुरुवात करावी, म्हणजे चित्रपट सलग होईल. तिचे तांत्रिकदृष्ट्या काहीच चुकले नव्हते. दुसरा म्हणाला, “तो गेला म्हणून ते उडालं. राहू द्या.” यावर दोन दिवस वाद चालला. कोणते चित्र कशाला जोडावे आणि तुटलेले सांधावे की तसेच दाखवावे, हा संकलनातला जुना प्रश्न. नऊ वर्षांची मुले तो आपल्या वर्गातल्या रिकाम्या जागेवरून सोडवत होती. मी मत दिले नाही. द्यायचा मोह मात्र झाला. अखेर उडी ठेवायचे ठरले. पस्तीस चित्रे, पावणेनऊ सेकंद.

उन्हाळ्याच्या तोंडाशी टोळ्या परतल्या. मुलाने चित्रपट तीनदा पाहिला. उडीपाशी तो थांबला आणि त्याने विचारले, “गुरुजी, या पाच दिवसांत त्याला पाणी कुणी घातलं?”

वर्गात सगळे एकमेकांकडे पाहू लागले.