हुकुम का इक्का

आमच्या घरात दखनी बोलली जाते. तिच्यात इस्पिकला 'हुकुम' म्हणतात. 'हुकुम का इक्का' म्हणजे इस्पिकचा एक्का, खेळ कुठलाही असो. मराठीत मात्र हुकूम म्हणजे त्या डावापुरता ठरलेला रंग. मेंढीकोटात बदाम हुकूम असेल, तर बदामाची दुर्री इस्पिकच्या एक्क्याला खुशाल कापते. शब्द एकच, पण एका भाषेत तो पानाचा जन्मजात दर्जा सांगतो आणि दुसऱ्या भाषेत नेमून दिलेला. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे असे शब्द मला रोज भेटतात. 'शिकस्त' म्हणजे उर्दूत पराभव, मराठीत प्रयत्नांची पराकाष्ठा. 'राजीनामा' उर्दूत तडजोडीचा कागद, मराठीत पद सोडल्याचा. मुलांना मी सांगत असतो, शब्द ओळखीचा वाटला की जास्त सावध व्हा.

दोन वर्षांपूर्वी हेच मला पत्त्यांबद्दल सांगावं लागलं. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो. एका रात्री त्याने मोबाइलवरच्या खेळाचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "सर, मला सरळ सरळ लुटलंय. हे बघा, टेबलावर चार इस्पिक, माझ्याकडे इस्पिकचा एक्का. माझ्यापेक्षा मोठा फ्लश कुणाचा असूच शकत नाही. तरी पैसे समोरच्याला दिले." पैसे होते अठरा हजार. बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी बाजूला ठेवलेले.

तो आधी टेक्सास होल्डेम खेळायचा. त्या आठवड्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून ओमाहावर गेला होता. दोन्ही पोकरच. टेबलावर पाच पानं उघडी पडतात आणि फ्लश, स्ट्रेट, फुल हाउस यांची चढती यादीही तीच. फरक हातातल्या पानांचा. होल्डेममध्ये हातात दोन पानं असतात. ती दोन आणि टेबलावरची पाच, अशा सातांतून कुठलीही उत्तम पाच निवडायची. हातातलं एकच वापरलं तरी चालतं. ओमाहात हातात चार पानं मिळतात, पण त्यांतली बरोबर दोन आणि टेबलावरची बरोबर तीन घ्यावी लागतात. कमी नाही, जास्त नाही.

फोटोत त्याच्या हातात इस्पिकचं एकच पान होतं, तो एक्का. होल्डेममध्ये त्याचा फ्लश सर्वांत मोठा ठरला असता. ओमाहात त्याच्याकडे फ्लश नव्हताच. समोरच्याकडे इस्पिकची सत्ती आणि अठ्ठी होती. पानं छोटी, पण दोन. निकाल नियमाप्रमाणेच लागला होता. हे त्याला पटायला अर्धा तास गेला, कारण त्याला यादी तोंडपाठ होती आणि यादी बदललेली नव्हती.

यादी तीच राहूनही पानांची ताकद बदलते, ती अशी. चार पानांतून दोनदोनच्या सहा जोड्या निघतात. होल्डेममध्ये समोर पाच जण असतील, तर तुमच्याविरुद्ध पाच जोड्या असतात. ओमाहात त्याच पाच जणांच्या तीस. एवढ्यांतून कुणाचं ना कुणाचं मोठं काही जुळतंच. म्हणून होल्डेममध्ये ज्या दोन जोड्यांवर डाव मारता येतो, त्या ओमाहात बऱ्याचदा तोकड्या पडतात. लहान फ्लशही भरवशाचा राहत नाही. टेबलावर एकाच किमतीची दोन पानं आली, तर कुणाकडे तरी फुल हाउस असेल असं धरूनच चालावं लागतं.

दोन एक्क्यांचं उदाहरण घ्या. होल्डेममध्ये ते हातात येतात सरासरी २२१ डावांत एकदा. समोर एकच खेळाडू असेल, तर पाचांपैकी साधारण चार वेळा तेच जिंकतात. ओमाहात दोन एक्के साधारण ३९ डावांत एकदा दिसतात आणि समोर चांगली सलग पानं असतील, तर त्यांचं पारडं थोडंसंच जड असतं. आणि ओमाहात हातात चारही एक्के आले तर? नवखा हरखून जाईल. पण वापरता येणार दोनच, आणि टेबलावर तिसरा एक्का येण्याची आशा संपलेली. चार एक्के हातात असून हात अधू.

आपल्याकडच्या तीन पत्तीत तर यादीच बदलते. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, पाच पानांच्या पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला. हा कुणाचा लहरीपणा नाही. तीन पानांच्या एकूण २२,१०० रचनांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांच्या २५,९८,९६० रचनांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८, म्हणजे उलट. पण हिशेबही सगळीकडे चालत नाही. तीन पत्तीत ट्रेल ५२ प्रकारे होतो आणि प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे, तरीही रिवाजाने ट्रेल वर. दर्जा काही ठिकाणी गणित ठरवतं, काही ठिकाणी परंपरा. पान बिचारं दोन्हीकडे तेच.

एवढं समजल्यावर तो म्हणाला, "सर, आता कळलं. आता ओमाहात हरणार नाही." मला खरी भीती वाटली ती या वाक्याची. लुटलो असं वाटत होतं तोवर तो निदान रागाने लांब राहिला असता. चूक नियमाची होती हे कळल्यावर त्याला पैसे परत मिळवण्याची वाट दिसू लागली.

मी त्याला पुढचा हिशेब सांगितला. पोकरमध्ये कौशल्य असतं, हे खरं. पण टेबलावरचे पैसे खेळणाऱ्यांच्याच खिशातून येतात आणि टेबल चालवणारा त्यातून आपला हिस्सा कापून घेतो. म्हणजे सगळे मिळून खेळणारे तोट्यातच असतात. ज्याला नियम काल कळला, त्याने त्यातल्या फायद्यातल्या थोड्यांमध्ये आपलं नाव का धरावं?

धर्माचं मी शेवटी काढलं, कारण ते त्यालाही माहीत होतं. कुरआनात जुगारासाठी 'मैसर' हा शब्द आहे. भाष्यकार त्याचा संबंध 'युस्र' म्हणजे सोपेपणाशी जोडतात, सहज हाती येणारा पैसा. सूरह बकरात दारू आणि जुगाराबद्दल जे म्हटलंय त्यात माणसांचा काही फायदा नाकारलेला नाही, गुनाह त्या फायद्याहून मोठा ठरवलाय. आम्ही मुलांना नुसतं 'हराम आहे' सांगतो आणि ही तुलना सांगायची राहते. मग मुलगा एखादा डाव जिंकतो आणि त्याला वाटतं, मोठ्यांना काही कळत नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण पत्त्यांचे डाव मोबाइल यायच्या आधीपासून ओट्यावर आणि खोल्यांवर चालत आलेत. तिथे बसणाऱ्या पोराला हा सगळा हिशेब कुणीतरी आधीच समजावून दिलेला बरा.

बहिणीची फी त्याने पगारातून चार हप्त्यांत भरली. कॉलेजने तेवढी सवलत दिली. शेवटच्या हप्त्याची पावती त्याने मला पाठवली, खाली काही न लिहिता.